चायनाटाउन कुणी बांधलं?

सॅन फ्रान्सिस्को फिरून आलेल्या माणसाच्या फोनमध्ये तिथल्या चायनाटाउनमधल्या, म्हणजे चिनी मोहल्ल्यातल्या, ग्रँट अ‍ॅव्हेन्यूचा एक तरी फोटो असतो. लाल कंदील, टोकं वर वळवलेली छपरं, कोपऱ्यावरच्या इमारतीच्या डोक्यावर पॅगोडा. फोटो दाखवताना एक शेराही ठरलेला असतो: 'हे चिनी लोक जगात कुठेही गेले तरी आपलं गाव सोबत नेतात आणि आपल्यातच राहतात.' ऐकायला पटतं. पण अमेरिकेतल्या चिनी वस्त्यांचा इतिहास जरा उकरला की हा शेरा टिकत नाही. ते एकाच मोहल्ल्यात का राहिले, त्या मोहल्ल्यात बायका का नव्हत्या, इतक्या लोकांनी कपडे धुण्याचाच धंदा का केला, मग हॉटेलं का काढली, एकाच घरात दोन आडनावं कशी आली आणि ते पॅगोडे कुठून उगवले, या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा एखाद्या कायद्यात, पालिकेच्या ठरावात किंवा कोर्टाच्या निकालात सापडतात.

सुरुवात सोन्यापासून. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जगभरातून लोक धावले. चीनमधूनही आले, पण 'चीनमधून' म्हणणं फार सैल आहे. बहुतेक जण दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या, पर्ल नदीच्या मुखाजवळच्या मोजक्या तालुक्यांतले होते. त्यातही तोइसान हा एक तालुका सगळ्यांत पुढे. अफूच्या युद्धानंतरची पडझड, तायपिंगचं बंड, स्थानिक पुंती आणि बाहेरून येऊन वसलेले हाक्का या दोन समाजांतल्या रक्तरंजित लढाया आणि माणसांना न पुरणारी शेती, यामुळे तरुण पोरं घराबाहेर पडत होती. अनेकांनी जहाजाचं तिकीट उधारीवर घेतलं आणि ते पुढे मजुरीतून फेडलं. एकट्या १८५२ साली सुमारे २० हजार चिनी सॅन फ्रान्सिस्कोत उतरले.

उतरल्यावर त्यांना पहिला आधार मिळाला तो गाववाल्यांच्या मंडळांचा. गिरगाव-लालबागमध्ये कोकणातल्या एकेका गावाची खोली असायची, मुंबईत नव्यानं आलेला चाकरमानी तिथे वळकटी टाकायचा, तसंच हे. मंडळ झोपायला जागा द्यायचं, काम बघून द्यायचं, उधारीचा हिशेब ठेवायचं आणि कुणी मेला तर त्याच्या अस्थी गावी पाठवायची सोय करायचं. अशा मोठ्या मंडळांनी मिळून जी संघटना उभी केली तिला 'सिक्स कंपनीज' म्हणत. हिच्याबद्दल सगळं गोड लिहिण्याचं कारण नाही. तिचा कारभार श्रीमंत व्यापाऱ्यांच्या हातात होता आणि कर्ज न फेडणाऱ्याला गावी परतणं ती अवघड करून ठेवायची. पण पुढे सरकारशी जे कज्जे लढले गेले, त्यांतल्या अनेकांना पैसा आणि वकील इथूनच मिळाले.

सोन्याच्या खाणींवर कॅलिफोर्नियाने १८५२ मध्ये परदेशी माणसांसाठी दरमहा ३ डॉलरचा कर बसवला. गोरा परदेशी पुढेमागे अमेरिकन नागरिक होऊ शकत होता, चिनी होऊ शकत नव्हता, म्हणून वसुलीचा रोख त्याच्यावरच राहिला. १८५४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर कमाल केली. जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्या माणसाला एका चिनी खाणकामगाराच्या खुनाबद्दल शिक्षा झाली होती, पण साक्षीदार चिनी होते. कृष्णवर्णीय आणि 'इंडियन' (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) यांची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालणार नाही, असा कायदा तेव्हा होता. कोलंबसाला आपण आशियाला पोचलो असं वाटलं होतं, म्हणजे 'इंडियन' या शब्दात आशियाई लोकही येतात, अशी एक कोटी निकालपत्रात करण्यात आली. हॉल सुटला. याचा व्यवहारातला अर्थ भयंकर होता: आजूबाजूला फक्त चिनी साक्षीदार असतील, तर गोरा माणूस चिन्याला लुटू किंवा मारू शकत होता.

अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणाऱ्या रेल्वेची कथा अनेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. सेंट्रल पॅसिफिक कंपनीने १८६५ पासून चिनी मजूर घेतले, त्यांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली, सिएरा नेवाडाच्या डोंगरांतले बोगदे त्यांनी खोदले. जून १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्या कामगारांइतका पगार मागत संप केला. कंपनीने डोंगरातल्या छावण्यांचा अन्नपुरवठा बंद केला आणि आठवड्याभरात संप मोडला. चिनी माणूस मुकाट्याने राबतो, हा समज त्या काळातल्या मालकांनाही सोयीचाच होता.

१८६९ मध्ये रेल्वे पुरी झाली, हजारो हात रिकामे झाले आणि १८७३ मध्ये मंदी आली. राग काढायला कुणीतरी हवं होतं. डेनिस कर्नी नावाचा आयरिश स्थलांतरित पुढारी सॅन फ्रान्सिस्कोत प्रत्येक भाषणात 'चिन्यांना हाकला' ही घोषणा द्यायचा. स्वतः बाहेरून आलेला माणूस बाहेरच्यांवर सर्वांत जोरात ओरडतो, हे काही अमेरिकेपुरतं नाही. जुलै १८७७ च्या दंगलीत जमावाने चिनी लाँड्र्या जाळल्या.

पण दंग्यांपेक्षा मला पालिकेचे ठराव जास्त बोलके वाटतात. एका ठरावानुसार राहत्या खोलीत दरडोई ५०० घनफूट हवा हवी. तो लावला गेला फक्त चिनी मोहल्ल्यात, आणि दंड न भरता शेकडो चिनी तुरुंगात गेल्यावर तुरुंगातच ती हवा पुरेना. मग तुरुंगात येणाऱ्याचे केस इंचभर ठेवून कापायचे असा ठराव झाला, म्हणजे चिनी पुरुषांच्या वेण्या उडाल्या. लाँड्रीच्या परवान्याचा दर तर घोड्यांवर होता: कपडे पोचवायला एक घोडा असेल तर तिमाहीला २ डॉलर, दोन घोडे असतील तर ४ डॉलर, आणि घोडाच नसेल तर १५ डॉलर. खांद्यावर कावड घेऊन पायी कपडे कोण पोचवायचं हे सगळ्या शहराला माहीत होतं. ठरावात 'चिनी' हा शब्द कुठेही नव्हता.

इतके चिनी लोक लाँड्रीच का चालवत होते? धंद्याला भांडवल नगण्य लागायचं, इंग्रजी चार शब्दांपुरती पुरायची, आणि सोन्यामागे धावलेल्या पुरुषांच्या त्या शहरात कपडे धुणं हे गोऱ्या पुरुषाला कमीपणाचं वाटायचं. बाकीच्या धंद्यांतून कामगार संघटनांनी त्यांना ढकलून काढलं, तेव्हा हा धंदा उरला. चीनमध्ये पुरुषांचा हा व्यवसाय नव्हता.

त्यातूनच अमेरिकन कायद्याचा एक आधारस्तंभ उभा राहिला. १८८० मध्ये पालिकेने ठरवलं की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर खास परवानगी हवी. शहरातल्या सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडी इमारतींत होत्या. परवानगीसाठी गेलेल्या सुमारे २०० चिन्यांना नकार मिळाला. चिनी नसलेल्या सुमारे ८० जणांपैकी एक सोडून सगळ्यांना परवानगी मिळाली. 'यिक वो' नावाच्या लाँड्रीचा मालक २२ वर्षं त्याच जागी धंदा करत होता. तो तुरुंगात गेला, पण दंड भरला नाही, आणि प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत पोचलं. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की कायद्याची भाषा निःपक्षपाती असली तरी अंमलबजावणी भेदभावाची असेल तर तो घटनाभंग आहे, आणि हे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. अमेरिकेत कायदा शिकणाऱ्याला हा निकाल आजही वाचावा लागतो.

दरम्यान बंदीचा मोठा कायदा आला होता. त्याआधी १८७५ च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसाय रोखण्याच्या नावाखाली चिनी बायकांची अशी काही उलटतपासणी सुरू केली की विवाहित बायकाही यायच्या थांबल्या. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षांची प्रवेशबंदी केली आणि चिन्यांना नागरिकत्व नाकारलं. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी, प्रवासी यांना सूट होती. वंशाचं नाव घेऊन दार बंद करणारा अमेरिकेचा हा पहिला मोठा कायदा. १८९२ मध्ये तो वाढवला, प्रत्येक चिनी मजुराने रहिवासाचा दाखला बाळगावा अशी सक्ती केली, आणि १९०४ मध्ये मुदतच काढून टाकली. १८९० च्या जनगणनेत देशात सुमारे १ लाख ७ हजार चिनी होते आणि एका बाईमागे २७ पुरुष. १९२० मध्ये एकूण आकडा ६१ हजारांवर आला होता. चायनाटाउनमधले जुगाराचे अड्डे, अफूचे गुत्ते, टोळ्या यांची रसभरीत वर्णनं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत भरपूर सापडतात. संसार करायला कायद्याने मनाई असलेल्या हजारो पुरुषांची ती वस्ती होती, हे त्यांत क्वचितच येतं.

आणि ती वस्ती शहरातच का? कारण खेड्यापाड्यांत, छोट्या गावांत जीव धोक्यात होता. १८७१ मध्ये लॉस एंजलिसमध्ये जमावाने एका रात्रीत किमान १८ चिन्यांना ठार केलं. १८८५ मध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्ज खाणगावात २८ मारले गेले. त्याच वर्षी टकोमा शहराने उरलेल्या सुमारे २०० चिन्यांना पावसात चालवत स्टेशनवर नेलं, पोर्टलंडच्या गाडीत घातलं आणि त्यांची घरं जाळली. महापौर स्वतः या कामात होता. असे लोक सॅन फ्रान्सिस्कोकडे किंवा थेट पूर्वेला न्यूयॉर्कच्या मॉट स्ट्रीटकडे गेले. चार आपली माणसं एका गल्लीत असली तर रात्री झोप लागते. 'आपल्यातच राहतात' या शेऱ्याचा खुलासा बराचसा इथे आहे.

प्लेगच्या प्रकरणाशी तर मराठी वाचकाचं थेट नातं आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला भडकलेली साथ १८९६ मध्ये मुंबईत आली, मग पुण्यात. पुढचं रँडचं आणि चाफेकर बंधूंचं आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याच साथीने १९०० साली पॅसिफिक ओलांडला. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये एका लॉजच्या तळघरात चिनी मजुराचं प्रेत सापडलं आणि पालिकेने रातोरात अख्ख्या मोहल्ल्याभोवती दोर बांधले. गोऱ्यांना बाहेर पडू दिलं, चिन्यांना नाही. काही आठवड्यांनी हुकूम निघाला: आशियाई माणसाने हाफकिनची लस टोचल्याशिवाय शहर सोडायचं नाही. ही लस डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत तयार केलेली. ती टोचल्यावर सणसणून ताप यायचा, आणि लोकांचा पालिकेवर काडीचा विश्वास नव्हता. दुकानं बंद ठेवून लोक कोर्टात गेले. न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी मे महिन्यात सक्ती रद्द केली. पुन्हा दोर बांधले गेले, तेव्हा जू हो नावाचा किराणा दुकानदार कोर्टात गेला. वेढ्याची रेषा गोऱ्यांच्या इमारतींपाशी आली की वळसा घेते, हे त्याच्या वकिलांनी दाखवून दिलं, आणि न्यायाधीशांनी यिक वो निकालाचा आधार घेत वेढा उठवला.

प्लेग मात्र खरा होता. पुढच्या चार वर्षांत शंभराहून जास्त माणसं दगावली. व्यापार बुडेल या धास्तीने राज्याचे गव्हर्नर हेन्री गेज साथ नाहीच असं सांगत राहिले, आणि चिनी व्यापारीही आजारी माणसं लपवत राहिले. पुण्यात काय झालं हे ज्याने वाचलंय त्याला यातलं काहीच नवल वाटणार नाही. फरक एवढाच की पुण्याच्या माणसाला रँडविरुद्ध दाद मागायला असं कोर्ट नव्हतं.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत चायनाटाउन राख झालं. शहराच्या पुढाऱ्यांना ही संधीच वाटली. मोक्याची जागा मोकळी करून चिन्यांना दूर हंटर्स पॉइंटला हलवायचं ठरू लागलं. चिनी व्यापाऱ्यांनी आणि चीनच्या वकिलातीने दाद दिली नाही. तसं केलंत तर आम्ही आमचा व्यापार दुसऱ्या बंदराला नेऊ, असं बजावण्यात आलं. ही भाषा पालिकेला कळली. मग लुक तिन एली या व्यापाऱ्याने एक शक्कल लढवली: नवं चायनाटाउन असं बांधायचं की गोरे लोक ते पाहायला पैसे खर्चून येतील. त्याने काम दिलं टी. पॅटरसन रॉस आणि ए. डब्ल्यू. बर्गरेन या गोऱ्या वास्तुविशारद-अभियंत्यांना. दोघांपैकी कुणीही चीन पाहिला नव्हता. आधुनिक विटा-पोलादाच्या इमारतींवर त्यांनी पॅगोडे आणि वळलेली छपरं चढवली. ग्रँट अ‍ॅव्हेन्यू आणि कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या त्या इमारती आजही उभ्या आहेत, आणि इतर शहरांच्या चायनाटाउननी हाच नमुना उचलला. फोटोतला 'चीन' हा हुसकावून लावलं जाऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त होता.

आगीत आणखी एक गोष्ट जळाली: जन्मनोंदी. याचं महत्त्व कळायला वाँग किम आर्क माहीत हवा. सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्रमेंटो स्ट्रीटवर १८७३ मध्ये जन्मलेला हा स्वयंपाकी चीनला जाऊन १८९५ मध्ये परतला, तर त्याला बंदरातच अडवलं. आईबाप नागरिक होऊ शकत नाहीत, मग मुलगा कसा, असा सरकारचा युक्तिवाद. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिक. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी जोडप्याच्या बाळाला जो निळा पासपोर्ट मिळतो, त्याच्यामागे हा निकाल आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हा हक्क आवळणारा आदेश काढला, तेव्हा कोर्टांत पुन्हा त्याच स्वयंपाक्याचं नाव निघालं.

तर १९०६ नंतर नोंदी उरल्याच नाहीत. 'मी इथेच जन्मलो' म्हणणाऱ्याला खोटं ठरवणं अवघड झालं. तो नागरिक ठरला की चीनमध्ये जन्मलेली त्याची मुलंही नागरिक. माणूस गावी जाऊन यायचा आणि मुलगा झाल्याची नोंद करायचा, कधी खरी, कधी खोटी. ती जागा मग पुतण्याला, शेजाऱ्याच्या पोराला किंवा पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळायची. हे 'पेपर सन', कागदावरचे मुलगे. शहरात चिनी बायका मूठभर, तर एवढे मुलगे आले कुठून, हा हिशेब अधिकाऱ्यांनाही कळत होता. म्हणून १९१० मध्ये खाडीतल्या एंजल आयलंडवर तपासणी केंद्र उघडलं. तिथे प्रश्न असे: तुमच्या घराच्या दाराला किती पायऱ्या? गावातली विहीर कुठल्या दिशेला? तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या घरात कोण राहतं? हेच प्रश्न 'वडिलांना' वेगळे विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवणी. लोक जहाजावर चोपड्या पाठ करत यायचे आणि किनारा दिसला की त्या समुद्रात फेकायचे. गंमत म्हणजे खरा मुलगाही पायऱ्यांचा आकडा चुकून अडकायचा. वाँग किम आर्कच्या थोरल्या मुलाला १९१० मध्ये अशीच तफावत दाखवून परत धाडलं.

आठवडे, कधी महिने कोठडीत काढलेल्यांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. केंद्र १९४० मध्ये बंद झालं, आणि १९७० मध्ये इमारत पाडायच्या बेतात असताना एका वनरक्षकाला त्या दिसल्या म्हणून त्या वाचल्या. आडनावांचा गुंता मात्र घराघरांत राहिला. बाहेर कागदावरचं नाव, घरात खरं. १९५६ पासून सरकारने 'कबुली द्या, नाव नीट करून घ्या' अशी मोहीम काढली. सुमारे १४ हजार लोकांनी कबुली दिली, पण एकाने तोंड उघडलं की सगळं गणगोत उघडं पडायचं, म्हणून अनेकांनी नातवंडांनाही शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

हॉटेलांचंही तेच. १९१५ मध्ये एका फेडरल कोर्टाने हॉटेलमालकाला 'व्यापारी' मानलं, म्हणजे बंदीतून सूट. अट अशी की हॉटेल मोठं हवं, भांडवल त्याचं हवं, आणि वर्षभर त्याने वेटर-आचाऱ्याचं काम करायचं नाही. मग नातेवाईक पैसे एकत्र करून हॉटेल काढायचे आणि पाळीपाळीने एकेक जण व्यवस्थापक व्हायचा, म्हणजे प्रत्येकाला गावाकडून बायको किंवा भाऊ आणता येईल. अमेरिकेच्या गल्लीबोळांत चॉप सुई पोचलं त्याला खवय्यांइतकीच ही पळवाटही कारणीभूत आहे.

दार उघडलं ते युद्धामुळे. जपानविरुद्ध चीन मित्र झाला, तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठली. वर्षाला १०५ जणांना प्रवेश. भारतीयांना तीन वर्षांनी १०० चा कोटा मिळाला. दोन्ही देशांतून लोक खऱ्या अर्थाने येऊ लागले ते १९६५ च्या कायद्यानंतर, आणि तेव्हा चिनी वस्तीचं रूप पालटलं. तैवान-हाँगकाँगचे शिकलेले लोक जुन्या गल्ल्यांत न जाता लॉस एंजलिसजवळच्या माँटेरे पार्कसारख्या उपनगरांत घरं घेऊ लागले, न्यूयॉर्कमध्ये क्वीन्समधलं फ्लशिंग वाढलं. मॅनहॅटनच्या जुन्या चायनाटाउनमध्ये शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायका आल्या. १९८२ मध्ये त्यांतल्या सुमारे २० हजार जणी संपावर उतरल्या आणि मालकांना करार करावा लागला.

जुन्या वस्त्यांवर आता जमिनीच्या भावाचं संकट आहे, तेही नवं नाही. लॉस एंजलिसचं मूळ चायनाटाउन १९३० च्या दशकात रेल्वे स्टेशनसाठी पाडलं गेलं, बॉस्टनचं महामार्गांनी कुरतडलं. वॉशिंग्टनमधलं तर आधी सरकारी इमारतींसाठी हलवलं, मग १९९७ मध्ये तिथे क्रीडासंकुल उभं राहिलं आणि भाडी भडकली. तिथे आता काहीशे चिनीच राहतात, त्यांतले बरेचसे वृद्ध. पण त्या भागाची रचना चिनी दिसावी असा शहराचा नियम आहे, त्यामुळे कॉफीच्या आणि कपड्यांच्या अमेरिकन साखळी दुकानांच्या पाट्यांवर नाव चिनी लिपीतही रंगवलेलं असतं.